हमरियातल्या पानवेलीचा हिवाळा

आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये सुरू होतो. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्याकडे थंडीनं आजारी पडलेल्या झाडांची रीघ लागते. मी हे गंभीरपणे लिहिते आहे. वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी दुबईला निघाले, तेव्हा आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं की मुलगी वाळवंटात झाडं जगवणार. प्रत्यक्षात मी फ्रिजमध्ये झाडं जगवते. या फ्रिजांना लिफ्ट, रिसेप्शन आणि कॉफी मशीन असतं, इतकाच फरक.

आमची कंपनी कार्यालयांना, हॉटेलांना आणि हौशी कुटुंबांना कुंड्यांतली झाडं पुरवते आणि महिन्याच्या करारावर सांभाळते. माझ्या कार्डावर ‘प्लांट हेल्थ स्पेशालिस्ट’ असं छापलेलं आहे. मैत्रिणी मला ‘झाडांची नर्स’ म्हणतात. आमच्या साहेबांच्या मते दोन्ही पदं अनावश्यक आहेत, कारण त्यांचं उपचारशास्त्र एका वाक्यात संपतं: “मॅडम, मर गया तो नया भेज दो. खलास.”

बाहेरच्या वाचकांसाठी हा व्यवसाय थोडा उलगडून सांगायला हवा. घरात मिरवणारी आपली बहुतेक झाडं विषुववृत्ताजवळच्या दमट जंगलांतून आलेली आहेत. त्यांना ऊब हवी, ओलावा हवा, सावली हवी. इथल्या इमारतींत त्यांना सावली तेवढी मिळते. भिंतीवर अठरा हा आकडा दिसत असला, तरी एसीच्या झरोक्यातून बाहेर पडणारी हवा त्याहून पुष्कळ गार आणि कोरडी ठणठणीत असते, आणि ती नेमकी शोभेसाठी कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीवर पडते. मुळं गारठली की पाणी ओढणं थांबवतात. मग पानं मान टाकतात. मालकाला वाटतं, बिचारं तहानलेलं आहे, म्हणून तो आणखी पाणी घालतो. गार माती, त्यात पाणी, त्यात श्वास कोंडलेली मुळं. पुढचं मी सांगत नाही. आमच्याकडची झाडं उन्हानं क्वचित मरतात. बहुतेक मायेनं मरतात.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स या वस्तीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण देते. त्यांची इमारत चिलर-फ्री होती, म्हणजे एसीचा खर्च भाड्यातच धरलेला. आपल्या माणसाला एखादी गोष्ट वेगळे पैसे न मोजता मिळाली की तो ती कमी का वापरील? शाळेच्या सुट्टीत मंडळी पुण्याला गेली, तेव्हा कढीपत्त्याला उकडू नये म्हणून दिवाणखान्याचा एसी अठरावर चालू ठेवून गेली आणि शेजाऱ्यांना रोज पाणी घालायला सांगून गेली. शेजारीही कर्तव्यदक्ष निघाले. परत आल्यावर घरच्या ताईंनी मला बोलावलं आणि काड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बघा ना, एवढं सगळं केलं हो त्याच्यासाठी!” त्यांनी काहीच केलं नसतं तर ते झाड जगलं असतं, हे त्यांना सांगायला मला आधी दोन कप चहा प्यावा लागला.

मी नेहमी पिस्तुलासारखा दिसणारा तापमापक बाळगते. पानावर रोखून कळ दाबली की पानाचं तापमान कळतं. नव्या कार्यालयात मी तो बाहेर काढला की रिसेप्शनवरची मुलं विनोदानं हात वर करतात. पहिल्या वेळी मलाही हसू आलं होतं.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पोलादी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्याच्या कार्यालयात मात्र ते पिस्तूल पाहून कोणी हात वर केले नाहीत. तिथे सगळ्यांनी हात बगलेत खुपसलेले होते. आम्ही पुरवलेले पाम तपासायला मी गेले होते. हिशेबखात्यात खिडकीजवळच्या टेबलामागे एक साठीचे गृहस्थ, अंगात हातानं विणलेला तपकिरी स्वेटर घालून बसले होते. बाहेर जून महिना होता. त्यांच्या शेजारी एक कुंडी होती. त्या कुंडीलाही स्वेटर घातलेला होता.

“तुमच्या कंपनीची नाय ती,” ते म्हणाले. “पण डॉक्टरीण आलीच हायस, तर नाडी बघ जरा. पैशे नको मागू.”

हे इनासकाका. मूळचे वसईचे, आणि वर्षानुवर्षं या कारखान्याचे हिशेब लिहिणारे. मी स्वेटर बाजूला केला. आत विड्याच्या पानांची वेल होती. पाच-सहा पिवळट पानं, काळवंडलेले देठ आणि चिखल झालेली माती. त्यांच्या वडिलांचा वसईला पानमळा होता. तो विकला गेला, आता तिथे इमारत आणि इमारतीचं पार्किंग आहे. मळा मोडण्याआधी त्यातलं एक खोड काकांच्या सोबत इकडे आलं. कसं आलं, हे मी विचारलं नाही. ते विचारणं माझ्या कामात मोडत नाही. दुबईच्या इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या त्यांच्या घरात ऊन शिरत नाही, आणि काकूंनी “घरात एकतर ही वेल राहील, नायतर मी,” असा पर्याय दिल्यामुळे वेल कार्यालयात राहायला आली.

“ऑक्टोबरात रेशलचं लगीन हाय,” काकांनी सांगितलं. रेशल ही त्यांची एकुलती एक मुलगी. “आमच्या घरची रीत हाय, बाय. मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या हातात विडा द्यायचा, तो घरच्या वेलाचाच. माझ्या बहिणींच्या लग्नात बाबानं स्वतः पानं खुडली. माझ्या पोरीच्या लग्नात काय सुपरमार्केटच्या पाकिटातनं देऊ?”

लंचबॉक्स द्यायला त्या दिवशी रेशल आलेली होती. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “डॅडी, इट्स जस्ट अ लीफ. दे कम फ्रेश, बाय एअर. प्रॉबेब्ली फ्रॉम वसई ओन्ली!”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य मीच उच्चारलं होतं.

मी तापमापक रोखला. पानावर तेरा अंश. झरोका बरोबर वर. निदान करायला काहीच अवघड नव्हतं. उपचार अवघड होता, कारण एसीचा रिमोट कुलकर्णीबाईंच्या खणात होता. कुलकर्णीबाई हिशेबखात्याच्या प्रमुख, पुण्याच्या, आणि घाम या गोष्टीच्या तत्त्वतः विरोधात. मी त्यांना चोवीस अंशांची शास्त्रीय आवश्यकता व्यवस्थित मुद्द्यांनिशी समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “शॉपफ्लोअरवरून माणसं भट्टीतून निघाल्यासारखी येतात इथे. त्यांना दोन मिनिटं बरं वाटायला नको? एका वेलीसाठी पंचवीस माणसं उकडू? हिला शाल घाला.”

“घातलाय की स्वेटर!” काका म्हणाले.

“मग झालं तर.”

मला राहवलं नाही. मी दोघांनाही सांगितलं की स्वेटर ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब राखतो. माणसाच्या अंगात ऊब असते. वेलीच्या नसते. त्यामुळे गार मातीभोवती स्वेटर गुंडाळला की आतला गारवाच जपला जातो, जसा थर्मासमध्ये बर्फ. काकांनी कुंडीचा स्वेटर काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग स्वतःच्या स्वेटरची वरची गुंडी लावत म्हणाले, “माझ्यात तरी ऊब हाय ना, बघ बरं पिस्तुलानं.”

मी बघितलं. होती.

आता प्रश्न जागेचा होता. मी इमारतीला एक फेरी मारली आणि मागच्या लोखंडी जिन्याखाली थबकले. उत्तरेकडची बाजू, दिवसभर सावली, समुद्र जवळ असल्यामुळे हवेत दमटपणा, आणि वरच्या एसीच्या फुटक्या नळीतून थेंब थेंब पाणी एका जागी पडत होतं. एसीचं पाणी म्हणजे हवेतून निथळलेलं, क्षार नसलेलं, जवळजवळ पावसाचंच. जिन्याखालची हवा छत्तीस-सदतीस अंश. कोणाला ती नरक वाटली असती. मला ती वसई वाटली.

“बाहेर?” इनासकाका ओरडले. “जूनात? बाय, माणूस वितळतो बाहेर!”

“तुमच्या बाबांच्या मळ्यात एसी होता का?”

“नव्हता. पण बाबा होता ना.”

तरी शेवटी त्यांनी कुंडी स्वतः उचलून नेली, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला सोडायला जावं तशी, आणि नंतर दिवसातून कितीदा तरी जिन्याखाली डोकावून येऊ लागले. एकच सूचना मी निक्षून दिली: नळाचं पाणी घालायचं नाही. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की नळातून जवळजवळ चहाचं पाणी येतं. जुनी मंडळी त्या दिवसांत गिझर बंद ठेवतात आणि त्याच्या टाकीत निवलेलं पाणी आंघोळीला घेतात. म्हणजे गरम पाण्याच्या नळातून गार पाणी आणि गारच्या नळातून गरम. हा उलटा कारभार माणसं शिकतात. मुळांना शिकवता येत नाही.

जुलै संपता संपता वेलीनं नवी फूट धरली. पोपटी, चकचकीत, हाताच्या तळव्याएवढी पानं. काकांनी मला रोज फोटो पाठवायला सुरुवात केली. मी ते फोटो साहेबांपुढे ठेवले आणि माझा जुना प्रस्ताव पुन्हा मांडला: शारजाबाहेरच्या आमच्या नर्सरीत एक कोपरा द्या, थंडीनं आजारी पडलेली झाडं मी तिथे बरी करून दाखवते, दर वेळी नवं झाड पाठवायची गरज नाही. साहेबांनी सगळे फोटो निरखून पाहिले आणि म्हणाले, “इन्शाल्ला.” त्यांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ ‘आता बाहेर जा’ असाही होतो, पण मी तो मूळ अर्थानेच घ्यायचं ठरवलं.

मग ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“बाय, लवकर ये. गळती बंद केली.”

सुट्टीच्या दोन दिवसांत देखभालीची माणसं येऊन एसीची नळी बदलून गेली होती. काम नमुनेदार केलं होतं. एक थेंब गळत नव्हता. नळी बदलायला अडचण नको म्हणून त्यांनी कुंडी जिन्याखालून काढून भिंतीच्या कोपऱ्याबाहेर उन्हात ठेवली होती आणि ती परत आत ठेवायची राहिली होती. मी पोहोचले तेव्हा पोपटी पानांचा कुस्करला तर चुरा होईल असा कागद झाला होता. ‘कृपया ही गळती दुरुस्त करू नये’ अशी पाटी लावावी, हे मला कोणी कधी शिकवलं नव्हतं, आणि मला स्वतःला सुचलंही नव्हतं.

“पण तक्रार केली कोणी?” मी विचारलं. इतकी वर्षं ती नळी गळतच होती.

दारात कुलकर्णीबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उतरलेला पाहिला.

“मी केली,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, एसीचं घाण पाणी दिवसरात्र वेलीवर पडतंय. सडेल बिचारी. इनास एवढा जीव लावतो तिला… म्हणून मी तीनदा फोन करून मागे लागले त्यांच्या.”

मग काकाच म्हणाले, “बाई, तुमी आयुष्यात पहिल्यांदा माझं चांगलं करायला गेलात.”

“गप्प बसा हो,” बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी खोड नखानं हलकेच खरवडून पाहिलं. वरून सगळं वाळलेलं होतं. मातीलगत, कुंडीच्या सावलीत राहिलेल्या टोकाला दोन पेरं हिरवी सापडली. पानवेल पेरांतून जगते; प्रत्येक पेराशी मुळांची सोय आधीपासून असते. मी ती दोन पेरं कापली, ओल्या शेवाळात गुंडाळली आणि काकांना काहीही आश्वासन न देता घेऊन गेले. साहेबांना न विचारता नर्सरीच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकचा तंबू उभारला, पेरं कुंडीत लावून आत ठेवली, तुषार सुरू केले, ऊब तिथे फुकट होतीच. एक पेर आठवड्यात काळं पडलं. दुसऱ्यानं बराच काळ काहीच केलं नाही. अशा वेळी उकरून पाहण्याचा मोह होतो. तो आवरणं म्हणजेच निम्मा व्यवसाय. तंबू पाहायला आलेले साहेब एकदा माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “एक लकडी के लिए इतना?” पण तंबू काढायला त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात एका हॉटेलातले चार मरगळलेले पाम त्यांनी स्वतःहून तिथे पाठवून दिले. माझ्या पदोन्नतीचा सोहळा तो एवढाच.

लग्नाच्या आठवड्यात वेलीला पाच पानं होती. पाच, आणि तीही लहान.

काका नर्सरीत आले. तंबूत वाकून त्यांनी पान नुसतं दोन बोटांत धरलं. “एकच खुडतो, बाय. विड्याला एक पुरतं.”

मी त्यांना सरळ आकडा सांगितला. ते एक पान म्हणजे तिच्या कमाईचा पाचवा हिस्सा होता. नवी मुळं अजून केसाएवढी. पुढे डिसेंबर येतो आहे, आमच्याकडचा खरा, कॅलेंडरातला हिवाळा. खुडलं तर जगेलही. जगेलच असं मी लिहून देणार नाही. “तुम्हाला विडा हवा की वेल, ते ठरवा,” मी म्हणाले. मला आता वाटतं, ही गोष्ट जरा हळू आवाजात सांगता आली असती.

काकांनी बोटं काढून घेतली. पान खुडलं नाही. उठताना त्यांनी कुंडीच उचलली.

लग्नानंतरचा स्वागतसमारंभ एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. मी आणि कुलकर्णीबाई एका टेबलावर होतो. बाई पैठणीत, मी शाल घेऊन, कारण हॉल कोल्ड स्टोरेज होता. विड्याची वेळ आली तेव्हा काका कोटाच्या आत तोच तपकिरी स्वेटर घालून मंचावर चढले. हातात ताट, ताटात लाल फीत बांधलेली कुंडी.

“विडा उधार ऱ्हायला,” ते व्याह्यांना म्हणाले. “वेलच देतो. पानं तुमी खुडा, पण पुढच्या वर्षी. आमच्या डॉक्टरणीची परवानगी घेऊन.”

व्याही स्वतः वसईचे. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. मागून विहीणबाई म्हणाल्या, “आमचं घर डिस्कव्हरी गार्डन्सला. एसी फ्रीमध्ये आहे, हिला काही उकडणार नाही!”

पण मी उठायच्या आत रेशल, पांढऱ्या गाऊनमध्ये, वळून म्हणाली, “नो, मम्मी. ट्वेंटी-सिक्स. नॉट वन डिग्री लेस. अँड नो वॉटर अनटिल आय से.”

तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ती मोबाइल शोधल्यासारखं करू लागली.

इतक्यात मला ते दिसलं. ताट मंचावरच्या टेबलावर ठेवलं होतं आणि बरोबर वर झरोका होता. पानं हलत होती. मी पर्समधून पिस्तूल काढलं, रोखलं. चौदा. माझ्या तोंडून आकडा निघाला, आणि शेजारी पैठणी सळसळली. कुलकर्णीबाई हॉलच्या मॅनेजरकडे चालत निघाल्या होत्या.

“एसी बंद कीजिए.”

“मॅडम, गेस्ट लोगों को पसीना आएगा.”

“आने दो,” बाई म्हणाल्या. “पौधा है.”

एसी बंद झाला. ऑक्टोबरची रात्र आणि दोन-अडीचशे माणसं. अर्ध्या तासात हॉल भरल्या घरासारखा उबदार झाला, मग उकडू लागला. पुरुषांनी कोट काढले, टाय सैल केले. बायका जेवणाच्या मेन्यूकार्डांनी वारा घेऊ लागल्या. बँडवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्यानं उगाच जलद चाल धरली. व्याह्यांकडचे एक म्हातारे गृहस्थ रुमालानं मान पुसत मोठ्यानं म्हणाले, “हां! आत्ता कसं वसईतलं मे महिन्यातलं लगीन वाटतंय!” आणि लोक उठून नाचायला लागले.

मी पुन्हा तापमान मोजणार होते. पिस्तूल पर्समध्येच ठेवलं.

इनासकाका आमच्या टेबलाशी आले. कोट हातावर होता. महिनाअखेरीस ते निवृत्त होऊन वसईला परतणार होते. त्यांनी तपकिरी स्वेटरच्या गुंड्या एकेक सोडल्या. मी त्यांना त्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. आत ते बरेच बारीक होते. त्यांनी स्वेटर नीट चौकोनी घडी करून कुलकर्णीबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“घ्या, बाई. घालत होतो तुमच्या एसीमुळंच.”

बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब होते. त्यांनी पैठणीचा पदर सावरला, स्वेटर उचलला आणि तसल्या उकाड्यात मांडीवर घेऊन बसल्या.